थोडं पाणी चढू दे

घरात त्याला पणराव म्हणत. नाव वहिनीने ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं, की खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं. "भावोजी, जेवायला बसा" म्हटलं तरी तो आधी "पण" म्हणायचा आणि मग बसायचा. बंदराच्या भरती-ओहोटी खात्यात त्याची उभी हयात गेली होती. पुढल्या वर्षी कुठल्या दिवशी, कुठल्या धक्क्याला किती पाणी असेल, हे तो आदल्या वर्षीच छापून मोकळा व्हायचा. त्याचं टेबल खिडकीकडे पाठ करून होतं. समुद्राने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, शिडं शिवायचा. जन्मभर लोकांच्या बोटींना शिडं शिवली आणि स्वतःची बोट झाली ती हात थकल्यावर. एका डोलकाठीची, चार माणसं बसली तर पाचव्याने पोहावं अशी. पण शीड असं शिवलेलं, की येणारेजाणारे धक्क्यावर थांबून बघत. बघायला त्यांना वेळही भरपूर मिळे, कारण बोट बंदराच्या भिंतीबाहेर गेलीच नव्हती. मार्ग आखायचं काम पणरावाकडे होतं.

मग दादाच्या फुप्फुसांचं निघालं. डॉक्टर दर खेपेला पुढची तारीख द्यायचे. एका खेपेला त्यांनी तारीख दिली नाही, "वाटलं तर या" म्हणाले. दवाखान्याचा जिना उतरताना दादा कठड्याला टेकला आणि म्हणाला, "ताईकडे जायचंय. बोटीने."

ताई दोघांच्या मधली. तिचं गाव खाडीत आतल्या अंगाला होतं. 'शिवणार हा, मिरवणार दुसरे' म्हणून ती दादाला लहानपणापासून टोचत आली होती. तिच्या धक्क्याला एकदा स्वतःच्या शिडावर लागायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. येताना बसने आलो तरी चालेल म्हणाला.

पणरावाने जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला. चार कोपऱ्यांवर दादाच्या औषधाच्या बाटल्या ठेवल्या. आता घरात त्यांना तोटा नव्हता. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दोन उथळ पट्टे होते. त्यांना थोरली वाळू आणि धाकटी वाळू म्हणत. दोन्हींच्या मधून पाण्याची ओढ अशी, की नवख्याची बोट आडवीच व्हावी. थोरलीला वळसा घालायचा आणि धाकटीवरून पार व्हायचं, एवढाच रस्ता. तोही चढत्या पाण्यातच.

"चढत्याच का?" दादाने विचारलं.

"चढत्या पाण्यात बोट टेकली तर पुढचं पाणी उचलून घेतं. उतरत्या पाण्यात टेकली की बसलीच."

"आमच्यासारखी," वहिनी ओट्याजवळून म्हणाली.

मग वजाबाकी सुरू झाली. कोष्टकातल्या पाण्यातून पणराव वाऱ्यासाठी थोडं वजा करायचा, वाळू सरकली असेल म्हणून थोडं आणि आपलंच काही चुकलं असेल म्हणून आणखी थोडं. एवढं वजा केल्यावर समुद्र जवळजवळ कोरडाच उरायचा. एका आठवड्यात भरती लहान निघाली. पुढच्या आठवड्यात उधाण होतं, तर ओढ फार. त्याच्या पुढे वारा आणि ओढ समोरासमोर, म्हणजे लाटा उभ्या. दादाला दरवाजापर्यंत चालायला आधी काठी लागू लागली, मग काठी आणि वहिनी.

एका दुपारी दादा नकाशाकडे न बघता म्हणाला, "तू माझ्यासाठी सगळ्यात सुरक्षित मार्ग काढलायस. ही खुर्ची."

पणराव "पण" म्हणाला नाही. दोन दिवसांनी पहाटे ते निघाले. वहिनी आदल्या दिवशीच बसने ताईकडे गेली. "घरातलं कुणीतरी एक पोचलेलं बरं," म्हणाली.

बोट चांगली चालली. दादा मागे उशीला टेकून शिडाकडे बघत होता, दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तसा, जरा संशयाने. थोरलीचा वळसा आखल्याप्रमाणे पार पडला. धाकटीच्या कडेला तरंगणाऱ्या बोयाशी पणरावाने खोली मोजायची खुणांची काठी पाण्यात घातली. बोटीपुरतं पाणी होतं. बोट, वारा आणि सरकलेली वाळू, एवढ्यांपुरतंही होतं. आपलंच चुकलं असेल, त्याच्यापुरतं मात्र चार बोटं कमी होतं.

"थोडं पाणी चढू दे," तो म्हणाला आणि त्याने नांगर टाकला.

थोड्या वेळाने काठी पुन्हा घातली. दोन बोटं कमी. नंतरही दोनच. कोष्टकाप्रमाणे भरती पूर्ण झाली होती, पण आज वारा समुद्राकडून होता, पाणी उशिरा का होईना आणखी चढणार, असं त्याचं गणित होतं. गणित त्याचंच असल्यामुळे शंका घ्यायला कुणी नव्हतं.

"काय रे," दादा डोळे मिटूनच म्हणाला, "मघाशी ऊन पाठीवर होतं. आता तोंडावर कसं?"

पणरावाने मान वर केली. नांगरावरची बोट ओढीकडे तोंड करून उभी राहते. मघाशी तिचं तोंड समुद्राकडे होतं. आता ते खाडीकडे, ताईच्या गावाकडे होतं. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता.

परत फिरणं शहाणपणाचं होतं. परत फिरलं की पुढची खेप नाही, हेही दोघांना कळत होतं. पणरावाने नांगर वर ओढला आणि बोट उतरत्या पाण्यात, ओढीच्या विरुद्ध, धाकटीवर घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही वजा केलं नव्हतं.

धाकटीच्या मधोमध बोट टेकली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही, कुणी दमून खाली बसावं तसा. हळूहळू भोवतालचं पाणी निघून गेलं आणि बोट कुशीवर कलली.

"बसली?" दादा.

"बसली."

"कधी उठेल?"

"संध्याकाळी."

फोनवर वहिनी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गोळ्या घेतल्या का त्यांनी?" मागून ताईचा आवाज आला, "तो दिसतोय मला माडीवरून. वाळूवर कपडे वाळत घातल्यासारखा." दादा हसला आणि त्या हसण्याचा खोकला थांबायला फार वेळ लागला.

दिवसभर ते तसेच कललेल्या बोटीत राहिले. पणरावाने शीड उतरवून सावली केली. उन्हं कलल्यावर दादाला हुडहुडी भरली, तेव्हा तेच शीड त्याच्या अंगाभोवती गुंडाळलं. त्यात दादा एवढासा दिसला. कापड पुष्कळ उरलं.

"धक्का दिसला की उठव," तो म्हणाला आणि झोपला.

संध्याकाळी पाणी आलं. बोट सरळ झाली, हलली, सुटली. आता शीड चढवायचं. पणराव दोरी हातात धरून उभा राहिला. शीड चढवायचं म्हणजे दादाला उघडं करायचं. त्याने दोरी सोडली आणि सुकाणू धरलं. भरती आत, गावाकडेच जात होती. नुसत्या पाण्यावर बोट मुंगीच्या पावलांनी निघाली. पणराव पाण्याकडे बघत नव्हता. दादाच्या छातीवरचं कापड वरखाली होतंय का, तेवढं बघत होता. होत होतं, कधी कधी विसरून.

धक्का दिसला. एवढ्या लांबून काय उठवायचं, जरा जवळ येऊ दे, असं त्याला वाटलं. मग धक्क्यावरच्या दोघी ओळखू येऊ लागल्या. अगदी लागता लागता उठवावं, असं वाटलं. तेवढ्यात बोट धक्क्याला लागली. ताईने दोरी घेतली, एकही टोमणा न मारता. त्यावरून दादा कसा दिसत असेल ते पणरावाला कळलं.

धक्क्याच्या हिसक्याने दादाने डोळे उघडले. "आलो?"

"आलो."

"उठवायचं होतंस ना."

"म्हटलं, जरा जवळ येऊ दे."

दादाने मोकळ्या डोलकाठीकडे बघितलं. "शीड कुठाय?"

"तुझ्या अंगावर."

दादाने कापडाची कड चिमटीत धरली आणि शिवण चाचपून बघत राहिला. वहिनी खाली वाकून म्हणाली, "चला, उतरा आता. हात द्या."

"थोडं थांबू," दादा म्हणाला.