बाद केलेलं रीडिंग

शेवटचा धड दिवस मंगळवार होता. बाबा तिच्या प्रयोगशाळेत डबा द्यायला आले ते लंगडतच.

"पायाला काय झालं?"

"पत्रा लागला. आता काय मिरवणूक काढायची त्याची?"

नळांना निकेलचा मुलामा देण्यात बाबांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे लेकीचं काम त्यांना अर्धंअधिक कळायचं. सोन्याच्या बोटभर पट्टीवर ती वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा काळा पापुद्रा चढवायची. त्यावर डीएनएचे एकेरी धागे रोवलेले असत. रक्तात ठरावीक जंतू असला की त्याचा डीएनए त्या धाग्यांशी जोडी जमवायचा आणि पट्टीतला प्रवाह घसरायचा.

"म्हणजे मुलामाच की! पट्टी नीट घासता ना, शास्त्रीणबाई? कळकट धातूवर काही धरत नाही."

निरोगी माणसांचे नमुने कमी पडत होते. बाबांनी बोट पुढे केलं. "घ्या. एवढं तरी कामाला येऊ दे."

थेंब पट्टीवर पडला आणि पडद्यावरची प्रवाहाची रेघ धाडकन खाली आली.

प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचे सर, तिच्या खांद्यावरून वाकले. पेपरमिंटचा गोडसर श्वास तिच्या कानाला लागला. "निरोगी गटातलं ना हे? मग पापुद्राच खराब असणार. बाद कर."

निरोगी गटात जंतू सापडला की दोष पट्टीचा, हा तिथला रिवाजच होता. दुसरी पट्टी समोर होती. दहा मिनिटांचं काम. पण सरांना तक्ता संध्याकाळपर्यंत हवा होता. तिने ओळ पुसली, पट्टी कचऱ्यात टाकली.

"नापास झालो वाटतं," बाबा म्हणाले. दोघंही हसली.

शुक्रवारी ताप डोक्यात गेला. रविवारी बाबा गेले. जखमेतून जंतू रक्तात भिनला होता, डॉक्टर म्हणाले. तीन दिवस आधी आणलं असतं तर.

पंधरवड्याने सर घरी आले. चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून पडलं, मग बोटाने गाळ उपसून चाटला.

"वहिनी, एक समाधान आहे," ते आईला म्हणाले. "तुमच्या ह्यांचा आजार आमच्या पट्टीने आधीच पकडला होता! रीडिंग यंत्रात शिल्लक आहे. लेखात पहिलं उदाहरण तेच घालू. तुमची लेकच लिहील."

बाबा मेले म्हणून रीडिंग खरं ठरलं होतं. तिला थुंकावंसं वाटलं. मग मांडीवरचा स्वतःचा हात दिसला, ओळ पुसणारा, आणि थुंकी कुणावर टाकायची ते कळेना.

आईने कप खाली ठेवला. "आधीच? म्हणजे कधी?"

"ते जरा तांत्रिक आहे, वहिनी." सरांनी ओठावरचा चुरा पुसला आणि तिच्याकडे पाहिलं. सांभाळून घे, असं ते पाहणं होतं. आजवर तिने सांभाळूनच घेतलं होतं.

"मंगळवारी, आई," ती म्हणाली. आवाज बसका निघाला, म्हणून पुन्हा, मोठ्याने. "मंगळवारी. बाबांच्या रक्तात जंतू दिसला होता. ह्यांनी बाद कर म्हटलं आणि मी पुसलं. दुसरी पट्टी समोर होती, आई. मी लावली नाही."