दोरीवरचा नारिंगी सदरा

आमच्या काम्पेन गावात फान डाम नावाचा माणूसच नव्हता. तरी दर सोमवारी वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून यायचं. काय तो उजवा पाय, काय तो गोल! नाव खोटं, पाय माझ्या धाकट्या भावाचा, लुबर्टचा होता. आमचे बाबा चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. रविवार देवाचा, त्या दिवशी चेंडूला पाय लावणाऱ्या पोराला या घराचं दार बंद, असं त्यांनी कधीचंच बजावलेलं. म्हणून लुबर्ट दर शनिवारी रॉटरडॅमच्या आजारी मावशीकडे निघायचा. मावशी ठणठणीत होती.

बाबा मात्र जेवणाआधी बटाटे गार होईपर्यंत प्रार्थना करायचे, "प्रभू, त्या फान डामला सुबुद्धी दे." सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' लुबर्टचंच. इतका साळसूद चेहरा मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

मग त्याची देशाच्या संघात निवड झाली. अँटवर्पला बेल्जियमकडून हरून आला आणि चिखलानं माखलेला संघाचा नारिंगी सदरा पलंगाखाली कोंबून झोपला. येत्या रविवारी पुन्हा बेल्जियमशीच गाठ होती.

सोमवार हा धुण्याचा दिवस. आईला सगळं ठाऊक होतं, पण पलंगाखाली मळका कपडा दिसल्यावर तिचा हात कोण धरणार? मी अंगणात आले, तर बाबांच्या दोन पांढऱ्या सदऱ्यांमध्ये तो नारिंगी सदरा, छातीवरच्या देशाच्या सिंहासकट, अख्ख्या गल्लीसमोर वाळतोय.

"आई, हे काय केलंस?"

"धुतला."

"अगं, बाबा बघतील."

"मग काय मळका बघायला हवा होता त्यांनी?"

तेवढ्यात बाबा दुकानातून आलेच. दारात लुबर्ट पिठासारखा पांढरा पडला.

"कुणाचा हा?"

"फान डामचा," मी ठोकून दिलं.

"त्याचा सदरा आपल्या दोरीवर कसा?"

"मळला होता," आई म्हणाली.

आमच्याकडे या उत्तरापुढे कुणाचं काही चालत नाही. त्यात नारिंगी म्हणजे राणीच्या घराण्याचा रंग. तिच्या वाढदिवसाला बाबा स्वतः त्याच रंगाची फीत लावून मिरवायचे. संतापावं की टोपी काढावी, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी सदऱ्याची बाही चाचपली.

"नीट पिळलेली नाही," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी लुबर्ट मान खाली घालून जेवायला बसला. त्यानं कपड्यांचं बोचकंही बांधून ठेवलं होतं. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. बाबांनी हात जोडले.

"प्रभू, त्या फान डामला रविवारी खेळायची लाज वाटू दे." मग खाकरून पुढं म्हणाले, "आणि खेळायचंच असेल, तर बेल्जियमपुढे हरायची त्याहून जास्त वाटू दे."

'आमेन' लुबर्टच्या तोंडून निघेना. मीच म्हटलं.

बाबांनी बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "नीट जेव. शनिवारी मावशीकडे जायचंय ना?"