चुकण्याचा सराव

रकाना पहिला: वापरकर्ता. वय अठ्ठ्याहत्तर. संगणकाचा अनुभव: नाही.

(तीस वर्षं कचेरीत टंकलेखक होते. टोपणनाव 'बिनचूक'. पण त्यासाठी लेकीच्या चाचणीच्या तक्त्यात रकाना नव्हता.)

रकाना दुसरा: अडचण. मराठीतून इंग्रजीत जायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. वृद्धांना जमत नाही.

बिनचूकांना दुपारच्या चहाआधी जमलं.

"बाबा, असं काय करता!" लेकीनं कपाळाला हात लावला. "म्हाताऱ्यांना जमत नाही म्हणून तर आम्ही ही पिवळी कळ बनवली. एक दाबली की भाषा बदलली. शुक्रवारी आमच्या वरिष्ठ बाई बघायला येणार. तुम्हाला जुनंच जमलं, तर कळ गेली आणि कळीमागून माझी नोकरी."

"मग मी काय करू?"

"चुका ना जरा."

"मी?"

"माझ्यासाठी."

"बापाला एवढंच शिकवायचं राहिलं होतं."

रकाना तिसरा: (खोडलेला.)

चार दिवस बाबा चुकायला शिकले. आता, चुकायचं तर बरोबर कुठं ते आधी बोटांना कळायला हवं. बोटं नेमकी त्या दोन कळांवर जायची, मग बाबा त्यांना खेळण्यांच्या दुकानातून नातवाला ओढावं तसं बाजूला ओढायचे. दिवसाला दोनशे वेळा.

शुक्रवार. जुनी पद्धत. नाव मराठीत, पत्ता इंग्रजीत. बाबा तीनदा चुकले, वर एक सुस्काराही टाकला. बाईंनी मान डोलावली. लेकीचा जीव भांड्यात पडला.

नवी पद्धत. जुन्या दोन कळा बंद केलेल्या. समोर आगपेटीएवढी पिवळी कळ. बाबांनी नाव लिहिलं. आणि बोटं, जन्माची इमानदार, गेली जुन्याच जागी. पत्त्याच्या जागी मराठी अक्षरांची दंगल. पुसलं. पुन्हा दंगल. पुन्हा. बाबांचे कान लाल. लेक पांढरीफटक.

बाईंनी पडद्यावरची दंगल खालपर्यंत वाचली.

"वृद्धांची अडचण आपल्याला वाटली त्याहून खोल आहे," त्या म्हणाल्या. "आणखी वर्षभर काम करा. आणि या आजोबांना सोडू नका."

जिन्यात लेकीनं बाबांचा दंड धरला. "काय नाटक केलंत हो शेवटी! मीसुद्धा फसले."

बाबा कठडा धरून दोन पायऱ्या उतरले. थांबले.

"तीस वर्षांत पहिलीच."

"पहिली काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "तू तक्त्यात नाटकच लिही."