उजव्या वहीत नसलेलं नाव

"पण याचा अर्थ काय होतो, ते सांगा ना," खिडकीपलीकडचा नवा बाप दुसऱ्यांदा विचारत होता आणि नावकाकांचं लक्षच नव्हतं. एरवी हा प्रश्न कानावर पडायची ते वाट बघत बसायचे. आज त्यांनी मुकाट्यानं दाखल्यावर शिक्का मारला आणि कागद पुढं सरकवला. बाप बिचारा हिरमुसला होऊन गेला.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, नोंदणीच्या त्या खिडकीत काकांची एकतीस वर्षं गेली होती. पद म्हणाल तर साधा कारकून; पण झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना नावकाका म्हणायचे, कारण माणसाला नावांचा नादच तसा होता. नाना मुलखांचे, नाना भाषांचे लोक त्या खिडकीशी यायचे आणि काका प्रत्येकाला छेडायचे, हे नाव तुमच्याकडे आलं कुठून, कोण ठेवतं, का ठेवतं? मिळेल ते एका शाळकरी वहीत टिपून ठेवायचे. कुठं जन्मवाराचं नाव, कुठं पणजोबांचं, तर कुठं त्या दिवशी दारात जो पाहुणा आला असेल त्याचं. जिथं मुलं जगत नाहीत तिथं 'उकिरडा', 'दगड' अशा अर्थाची नावं ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, हे काही नेण्यासारखं नाही. हे सांगताना काका स्वतः हसायचे आणि समोरच्यालाही हसवायचे. 'शांत' अर्थाच्या नावाची पोर हटकून सगळा वॉर्ड डोक्यावर घेते, हा तर त्यांचा ठरलेला विनोद होता.

आज विनोद सुचायची सोय नव्हती. दुसऱ्या मजल्यावर त्यांची लेक होती. आदल्या दिवशी, सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, नऊशे ग्रॅमची, आणि ती काचेच्या पेटीत होती. आजचा दिवस निघाला तर पुढचं बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. जावई दूरच्या गावी कामाला. तो निघाला होता, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. याआधी लेकीची दोन मुलं पोटातच गेली होती.

सकाळी काका वर गेले तेव्हा लेकीनं त्यांचा हात घट्ट धरला. म्हणाली, "बाबा, तुमच्या वहीतलं एक नाव सांगा. गोड अर्थाचं नको मला. ज्या नावाचं मूल कधी गेलं नाही, असं सांगा."

नावांच्या वहीचं सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट काकांनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या टेबलावर सरकारी नोंदीच्या वह्या दोन असायच्या. डाव्या हाताला जन्माची, उजव्या हाताला मृत्यूची. डावीकडे ज्यांच्या अर्थाचं कौतुक केलं ती नावं त्यांना कधी ना कधी उजवीकडे लिहावी लागायची, कधीकधी त्याच आठवड्यात. नाव कुणाला धरून ठेवत नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? पण हे लेकीला सांगायचं कुठल्या तोंडानं? "बघतो हं," एवढंच म्हणून ते खाली आले, आणि खरोखरच बघायला बसले.

त्यांनी खिडकी बंद केली. एकतीस वर्षांत कामाच्या वेळेत ती कधी बंद झाली नव्हती. कपाटातून मृत्यूच्या जुन्या वह्या काढल्या, लाल पेन्सिल घेतली आणि आपल्या नावांच्या वहीतलं एकेक नाव ताडून बघायला लागले. 'पहाट' गेली होती, चौथ्याच दिवशी. 'देवानं ऐकलं' दोनदा. 'दीर्घायुषी' तर अकरा वेळा. 'उकिरडा' आणि 'दगड' यांनाही मरणानं सोडलं नव्हतं. मरण काही फसलं नव्हतं. आपण वेड्यासारखं करतोय हे काकांना कळत होतं, पण हात थांबत नव्हता. बाहेरून शिपायानं लोक खोळंबल्याचं सांगितलं. खोळंबू देत, म्हणाले.

सगळी वही पालथी घातल्यावर एकच नाव उरलं. एकोणीस वर्षांपूर्वी एक बाई आली होती, तिची भाषा इथं कुणालाच येत नव्हती. तिच्या भावानं समजावून सांगितलं होतं की आमच्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याला हे नाव ठेवतात. त्याचा अर्थ होता, 'थांब'. काकांनी एकोणीस वर्षांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. ते नाव उजवीकडे कुठंच नव्हतं. ती माणसं गाव सोडून गेली असतील, मूल दुसरीकडे कुठं दगावलं असेल, सगळं त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते मनाबाहेर ढकललं आणि साठीला आलेला तो माणूस दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.

लेकीनं पेटीच्या गोल झरोक्याशी तोंड नेऊन ते नाव हळूच उच्चारलं. मग पुन्हा, मग सारखंच. पेटीतला श्वास दुपारी जरा लयीत आला. सिस्टरनंही मान डोलावली. काकांना तर काय करू अन् काय नको असं झालं. त्या नावाची सगळी हकिगत त्यांनी सिस्टरला दोनदा ऐकवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नावावर त्यांचा अगदी भाबडा विश्वास बसला.

चार वाजता मुलगी गेली.

काका खाली येऊन बसले. नोंद त्यांनाच करायची होती, दुसरं होतं कोण. नाव नोंदवायच्या आधी मूल गेलं तर 'बाळ, नाव नाही' असं लिहायची मुभा असते. काकांनी तसंच लिहिलं. आईची सही लागते म्हणून सिस्टर लेकीला चाकाच्या खुर्चीतून खाली घेऊन आली. लेकीनं कागद वाचला आणि विचारलं, "नाव का नाही लिहिलंत?"

मग मात्र काकांना धीर धरवेना. दोन वह्या, अकरा दीर्घायुषी, लाल पेन्सिल, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "एवढं एकच राहिलं होतं गं," ते म्हणाले. "तेही तिकडे लिहिलं, तर उद्या तुझ्यासारख्या कुणी येऊन विचारलं, तर मी काय सांगू?"

लेकीनं कागद त्यांच्याकडे परत सरकवला. मग म्हणाली, "ती थांबली होती, बाबा. माझी आधीची दोन तर तेवढीही थांबली नाहीत. लिहा तिचं नाव."

काकांनी तो कागद फाडला आणि कोरा घेतला. नाव लिहिलं. वय, एक दिवस. आईचं नाव, बापाचं नाव. मग 'माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं' हा रकाना आला, आणि तिथं पेन अडलं. हा रकाना त्यांनी दुसऱ्यांसाठी हजारदा भरला होता. लेक वाट बघत होती. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि त्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'आजोबा'.