दळलेला पासवर्ड

फॉर्म भरून 'सबमिट' दाबलं की तो जातो कुठे, हा माझा पहिला प्रश्न. वारज्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सोडून सगळे विशीतले. दोघंतिघं फिस्सकन हसले. मी मागे वळून म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्ही सांगा. कुणालाच सांगता आलं नाही. मग शिकवणाऱ्या खुशनुमा मॅडमनी फळ्यावर चौकटी आखल्या आणि म्हणाल्या की काकूंचा प्रश्न बरोबर आहे, आजचा सगळा तास त्यावरच.

माझं नाव सरोजिनी, वय त्रेसष्ट. बत्तीस वर्षं कचेरीत फायली सांभाळल्या आणि निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतल्या आमच्या वधूवर सूचक मंडळात बसू लागले. तिथे मुलांचे फॉर्म निळे, मुलींचे गुलाबी, आणि दोन्हींनी भरलेली चार कपाटं. गेल्या वर्षी चिटणीस दिगंबरपंतांनी जाहीर केलं की मंडळाची वेबसाइट हवी आणि ती एखाद्या कंपनीला करायला द्यावी. मी म्हटलं, मी करते.

"सरोजिनीबाई, ते लोणचं आहे का?" दिगंबरपंत म्हणाले.

लोणचंही तुम्हाला घालता येत नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्या शनिवारी वारज्याची बस पकडली. राग आला की माझं डोकं बरं चालतं.

चार महिने मी प्रश्न विचारले. एक वहीच केली होती त्यांची. टेबल म्हणजे काय? तर आपली आवक नोंदवहीच, एका ओळीत एक स्थळ. लॉगिन कशाला? तर आलेला माणूस कोण आहे आणि तो खरंच तोच आहे का, हे विचारायला. माझा फॉर्म पहिल्यांदा चालला तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या, आणि पाचव्या मिनिटाला तो कोसळला. मुलीची उंची लोक पाच फूट चार इंच अशी लिहीत नाहीत, पाचाच्या डोक्यावर एक टिंबुकली देऊन पुढे चार लिहितात. त्या टिंबुकलीपाशी वाक्य संपलं असं मशीनला वाटायचं आणि पुढचा सगळा फॉर्म वाया जायचा. खुशनुमा मॅडम हसून लाल झाल्या. असा घोटाळा फक्त तुमच्याच मंडळात होऊ शकतो, म्हणाल्या, आणि योग्य पद्धत शिकवली.

एक गोष्ट मात्र मी कुणाला न विचारता केली. आमच्या गुलाबी फॉर्मवर 'मुलीच्या अपेक्षा' असा रकाना असतो. तीन वर्षांत तो मुलीच्या अक्षरात मी क्वचितच पाहिला. अपेक्षा वडिलांच्या अक्षरात, कधीकधी मुलीची सहीसुद्धा. वेबसाइटवर तो रकाना मी मुलीच्याच लॉगिनमध्ये ठेवला, आणि लॉगिन तिच्या स्वतःच्या मोबाइल नंबरावर. दिगंबरपंत कुरकुरले. मी ऐकलं नाही.

आता माझी चूक सांगते. पासवर्डचा रकाना मी नावापत्त्याच्या रकान्यासारखाच केला होता. म्हणजे टेबल उघडलं की एकशे ऐंशी जणांचे पासवर्ड मला सरळ वाचता येत. मला ते गैरही वाटलं नाही, उलट सोय वाटली. लॉगिनच्या पानावर मी ठळक लिहून ठेवलं होतं: पासवर्ड विसरल्यास सरोजिनीकाकूंना सकाळी दहा ते बारा या वेळात फोन करावा. रोज चारपाच फोन यायचे. मी चष्मा चढवून वाचून दाखवायची. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, याचं मला सुख होतं. ते मी नाकारत नाही.

एके दिवशी अवधूतराव आले. भले गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. स्वरालीचे वडील. स्वराली एकोणतीस वर्षांची, लहान मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवते. मुलीचा पासवर्ड हवाय, म्हणाले, तिला शाळेतून वेळ मिळत नाही, फोटो बदलायचाय. दिगंबरपंत शेजारच्या टेबलावरून म्हणाले, देऊन टाका हो, वडील आहेत. मी टेबल उघडलं आणि वाचून दाखवला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

तीन आठवड्यांनी स्वराली आली. बसली नाही. तिनं आपले केस डाव्या कानामागे सारले. कानात मशीन होतं.

"काकू, मी फॉर्मवर हे लिहिलं होतं. ते कुणी काढलं?"

तिनं काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं, कारण इतका सरळ फॉर्म मी पाहिला नव्हता. 'डाव्या कानाला मशीन लावते. ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये.' आता तिथे होतं, 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष, पत्रिका जुळणे आवश्यक.' रविवारी कोथरूडहून एक कुटुंब तिला पाहायला आलं होतं. यांना कानाचं माहीत आहे, असं धरून ती निवांत बसली. मुलाची आई येऊन डावीकडे बसली आणि तिच्याशी हलक्या आवाजात बोलत राहिली. पोह्यांच्या बशा आणि गप्पांच्या गलक्यात हिला ते ऐकूच गेलं नाही. निघताना त्या बाई म्हणाल्या, मुलगी आढ्यताखोर आहे. मग कानातलं मशीन दिसलं, तेव्हा म्हणाल्या, आणि वर फसवतात. आतल्या खोलीत वडिलांनी तिला समजावलं की अशा गोष्टी जमल्यावर सांगायच्या असतात. त्यांना पासवर्ड मीच वाचून दाखवला होता, असं मी तिला सांगितलं.

"बाबांचं मी बघून घेईन," ती म्हणाली. "पण माझा पासवर्ड तुम्हाला कसा माहीत होता?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांची बोलणी खाल्ली, पण अशी लाज कधी वाटली नव्हती. मुलीच्या जागी वडील लिहितात म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि किल्ली मीच त्यांच्या हातात दिली.

शनिवारची वाट न पाहता मी दुसऱ्याच दिवशी वारजे गाठलं. खुशनुमा मॅडम डबा खात होत्या. मी वही उघडली आणि विचारलं, "मलासुद्धा वाचता येणार नाही असा पासवर्ड कसा ठेवायचा?"

त्यांचा घास हातातच राहिला. तुम्हाला पासवर्ड दिसतात, असं त्यांनी दोनदा विचारलं. हे त्यांनी तिसऱ्या तासाला शिकवलं होतं, आणि त्या शनिवारी मंडळाचा सत्यनारायण होता म्हणून मी गेले नव्हते. मग त्यांनी डबा बाजूला सारला. गिरणीत गहू दिले की पीठ मिळतं, म्हणाल्या, पिठाचे गहू करून कुणी देत नाही. तसा पासवर्ड आला की लगेच दळायचा आणि नुसतं पीठ ठेवायचं. माणूस परत आला की त्यानं दिलेलं पुन्हा दळायचं आणि पिठाशी पीठ ताडायचं. गहू आपल्याकडे ठेवायचेच नाहीत. विसरला तर त्याच्या मोबाइलवर कोड जाईल, तो टाकून नवा पासवर्ड तोच करील.

"म्हणजे मला कुणी फोन करणार नाही," मी म्हटलं.

"नाही करणार, काकू. तुम्ही मध्ये नसणार."

दोन दिवस लागले. शेवटची आज्ञा देताना माझं बोट क्षणभर थांबलं, खोटं का बोला. मग दाबलं. एकशे ऐंशी ओळींत अगम्य अक्षरांची रांग उभी राहिली आणि मी मंडळातली सर्वांत अडाणी बाई झाले. लॉगिनच्या पानावरून माझं नावही काढलं. मग स्वरालीला फोन करून सांगितलं, तुझ्या मोबाइलवर कोड येईल, नवा पासवर्ड घाल, आणि मलाही सांगू नकोस. आणि माफी मागितली. ती इतकंच म्हणाली की बघते.

मंगळवारी अवधूतराव पुन्हा आले. मुलीनं पासवर्ड बदललाय, नवा द्या. मी म्हटलं, मला माहीत नाही. दिगंबरपंत उठून माझ्या टेबलाशी आले. चिटणीस म्हणून सांगतो, वाचून दाखवा, म्हणाले. मी स्क्रीनच त्यांच्याकडे फिरवली. स्वरालीच्या नावापुढे बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं, डॉलर, दोन, वाय, डॉलर, आणि थांबले. हा काय चावटपणा आहे, म्हणाले. मी म्हटलं, हाच आता सगळ्यांचा आहे, तुमच्या भाचीचासुद्धा. मग मला कंपनीची धमकी मिळाली. अवश्य बोलवा, मी म्हटलं, ज्या कंपनीला हे वाचता येईल तिला मंडळाच्या दारात उभी करू नका.

"विषय सभेत घेतो," दिगंबरपंत म्हणाले.

"घ्या. मी उभी राहून सांगेन, यांना पासवर्ड कुणी दिला होता तेही. मी दिला होता."

दिगंबरपंत आपल्या टेबलाशी जाऊन बसले. दरम्यान अवधूतराव खिशातून एक लिफाफा काढून त्याच्या मागे काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, तक्रारअर्ज लिहितायत. लिहून झाल्यावर त्यांनी स्क्रीनकडे पाहून एकेक अक्षर ताडलं, लिफाफा खिशात ठेवला आणि आभार मानून निघून गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी घाबरून खुशनुमा मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या की त्या अक्षरांनी दार उघडणार नाही, पण पुन्हा कुणाला स्क्रीन दाखवलीत तर माझ्याशी गाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला फोन वाजला.

"सरोजिनीबाई, सगळीच्या सगळी साठ अक्षरं तीनदा टाकली. आत घेत नाही."

"घेणार नाही, अवधूतराव," मी म्हटलं. "तो स्वरालीचा आहे."

तुमच्या अपेक्षा असतील तर तुमच्या नावानं वेगळा रकाना करून देते, खाली सही तुमची, असं मी सुचवलं. त्यांनी फोन ठेवला. मी मंडळाचं पान उघडलं, जसं कुठल्याही सभासदाला दिसतं तसं, आणि तिचं नाव शोधलं. पत्रिका गेली होती, गृहकृत्यदक्ष गेलं होतं. जुनी दोन वाक्यं जागेवर होती, आणि त्यांच्याखाली एक नवं:

'बोलायचं असेल तर माझ्या उजवीकडे बसा.'