नाव कुणी घ्यायचं

पौर्णिमानं म्हाताऱ्याच्या दंडाला बांधलेला रबरी पट्टा पुन्हा सोडला. शीर बोटाला लागत होती, सुई तयार होती. घोडं अडलं होतं ते नावापाशी.

"माय, यायचं नाव सांगा ना."

पायथ्याशी बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "पिंटूचे बाप हायेत थे."

"तसं नाई. नाव."

"मी नाई घेत, बाई. लगन झाल्यापासून नाई घेतलं. नाव घेतलं का मानसाचं आयुष्य घटते."

नवऱ्याला लकवा मारला होता आणि त्याची वाचा गेली होती. मायलेक त्याला घेऊन काल रात्रीच अकोटकडच्या खेड्यातून आले होते, त्यामुळे वॉर्डात ओळखीचं कुणी नव्हतं. पिंटू केसपेपर घेऊन औषधं आणायला गेला होता. पौर्णिमाच्या हातातल्या चिठ्ठीवर नाव होतंच. 'नत्थुजीच ना?' एवढं विचारलं असतं तर म्हातारीनं मान डोलावली असती आणि काम झालं असतं. पण घाबरलेलं माणूस कशालाही मान डोलावतं, हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. मागच्या महिन्यात 'केशरबाई का?' म्हणून तिनं विचारलं, एका बहिऱ्या आजीनं हो म्हटलं, आणि एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं. वहीत लाल शेरा. मग एका घाईच्या दिवशी तिनं रिकाम्या नळ्यांवर आधीच नावं लिहून ठेवली. दुसरा लाल शेरा. तिसरा पडला की अकोल्यातलं रक्ततपासणीचं शिकणं बंद, असं लॅबच्या कुलदीप सरांनी बजावलं होतं. नाव पेशंटच्या तोंडून, नाहीतर नातेवाइकाच्या. आपल्या तोंडून कधीच नाही.

शिकणं बंद म्हणजे हिवरखेडला, भावाच्या घरी परत. नवऱ्यानं टाकल्यावर तिनं तिथं दोन वर्षं काढली होती. वहिनी तोंडानं कधी एक शब्द बोलली नाही. सारं तिची भांडीच बोलायची.

"पिंटूले फोन लावा मंग."

"मले कुठी लावता येते? यीनच आता तो."

पौर्णिमा जिन्यापर्यंत जाऊन आली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. सिस्टर लांबूनच ओरडल्या, "चिठ्ठीवर नाव आहे ना? मग घे की लवकर!" चुकलं तर शेरा सिस्टरांच्या वहीत पडणार नव्हता. पौर्णिमा खाटेशी वाकली.

"माय, हात जोडतो तुमाले. माह्यासाठी एकडाव घ्या."

म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुह्यासाठी त्यायले मारू का?"

पौर्णिमानं सुईला टोपण लावलं आणि नळी एप्रनच्या खिशात टाकली. आपण हे किती सहज केलं, याची तिला भीती वाटली.

थोड्या वेळानं म्हाताऱ्याला घरघर लागली. डॉक्टर धावत आले, पडदा ओढला गेला. पिंटू औषधांची पिशवी घेऊन पोचला तेव्हा पडदा पुन्हा उघडला होता.

रक्त वेळेत तपासायला गेलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं की समजुतीचं, हे पौर्णिमाला कळायला मार्ग नव्हता. कुलदीप सरांनी तिची वही मागवली आणि आजच्या तारखेपुढे निळ्या पेनानं सही केली.

"नाव नाही तर सुई नाही. आज बरोबर वागलीस."

चार महिने ती या शब्दांची वाट पाहत होती. तिनं वही मिटली. तिला कुठंतरी बसावंसं वाटलं.

संध्याकाळी खाली खिडकीपाशी कारकून मयताचं नाव विचारत होता. पिंटूच्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघेना. मनकर्णाबाईंनी त्याला बाजूला सारलं.

"नत्थुजी संपत गावंडे."

कारकुनाला नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, खडखडीत.

मग त्यांचं लक्ष जिन्याजवळ उभ्या असलेल्या पौर्णिमाकडे गेलं. त्या हळूहळू चालत तिच्याजवळ आल्या. आवाजात राग नव्हता.

"तुले नाव पायजे होतं ना वं बाई? नत्थुजी. लिव आता."

त्या समोरून हलेनात. पौर्णिमानं खिशातली रिकामी नळी काढली आणि तिच्यावर नाव लिहिलं.