सुभेदार का भुंकतो

चोवीस वर्षं फौजेत काढून मी हवालदार म्हणून घरी आलो. सुभेदारकी काही नशिबात नव्हती. ती खंत मनात होती, म्हणून सहा वर्षांपूर्वी मळ्यात एक पिवळं पिल्लू सापडलं, तेव्हा त्याचं नाव मी सुभेदार ठेवलं. तेव्हापासून गावातली टारगट मंडळी मला रस्त्यात अडवून विचारतात, "हवालदारसाहेब, आमचं सुभेदारसाहेब काय म्हणत्यात?" मी काठी आपटत पुढं जातो. मी चिडका माणूस आहे हे गावाला माहीत आहे आणि गावाला त्यातच मजा वाटते.

पण खरं सांगायचं तर गेले दोन महिने सुभेदार नको तितकं म्हणत होता.

माझी सून सृष्टी वाईची. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं आणि सव्वातीन महिन्यांनी ती नातीला घेऊन आमच्याकडे आली. नातीचं नाव क्रांती. गोरी, टकली आणि माझ्यासारखीच तापट. ती घरात आल्यापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. सृष्टीनं तिला पाजावं, मांडीवर थोपटावं, अर्धा तास अंगाई म्हणून कशीबशी झोळीत टाकावं, आणि घरात सगळ्यांनी मांजराच्या पावलांनी चालायला लागावं, की दहा मिनिटांत अंगणातून सुभेदाराचा आवाज उठायचा. रस्त्यावर ना माणूस, ना डुक्कर, ना उसाची गाडी. तरी तो झोळीजवळच्या खिडकीखाली उभा राहून, मान वर करून, जीव तोडून भुंकायचा. क्रांती दचकून उठायची आणि मग ती जे रडायची त्यापुढे सुभेदारही फिका पडायचा.

सकाळी अकराला हेच. दुपारी तीनला पुन्हा हेच.

उपाय आम्ही काय कमी केले? मी सुभेदाराला मळ्यात मोटरीच्या खोलीपाशी बांधून आलो. मी घरी पोचलो तेव्हा तो दोरीचा तुकडा गळ्यात घालून दारात माझी वाट बघत होता. भाजीवाल्याला सांगितलं की आमच्या गल्लीत ओरडायचं नाही. तो बिचारा हातवारे करून मेथी विकायला लागला. शेजारच्या आकारामनं बाळाच्या कानात कापूस घालायला सांगितलं, तर सृष्टीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून उठला. मी स्वतः काठी घेऊन खिडकीखाली पहाऱ्याला उभा राहिलो. सुभेदार आला, माझ्याकडे आदरानं बघितलं, माझ्या पायाशी नीट बसला आणि बसल्या बसल्या भुंकला.

या सगळ्यात एकाच माणसाचा उपाय हमखास लागू पडायचा. ती म्हणजे माझी बायको, लीला.

क्रांती रडायला लागली की लीला स्वयंपाकघरातून भाकरीचा चतकोर तुकडा घेऊन यायची. नातीच्या तोंडावरून तो तीनदा ओवाळायची. आल्याची, गेल्याची, शेजारच्याची, पाजारच्याची आणि आकारामची खास नाव घेऊन नजर काढायची. मग मागच्या दारातून तुकडा बाहेर फेकायची. त्याच क्षणी सुभेदार गप्प. थोड्या वेळानं क्रांतीही गप्प.

"बगा," लीला कंबरेवर हात ठेवून म्हणायची. "नजर निगाली की कुत्रं बी थांबलं. मुक्या जनावराला कळतंय, तुमाला न्हाई."

"मग त्याला म्हणावं, कळलं की मनात ठेव," मी म्हणायचो.

"आवं, तुमच्या फौजंतल्या अकला हितं नका चालवू."

तिच्या उपायानं कुत्रं थांबत होतं आणि माझ्या काठीनं थांबत नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सृष्टीची सुट्टी एक तारखेला संपत होती. कुपवाडच्या एका मसाल्याच्या कारखान्यात ती माल तपासण्याच्या खात्यात आहे. माझा मुलगा जयराज तिथंच जवळच्या वर्कशॉपमध्ये. दोघांनी एका गाडीवर जायचं, यायचं आणि नातीला आम्ही सांभाळायचं, असं सगळं ठरलेलं होतं. पण महिना संपायला दहा दिवस असताना सृष्टी माझ्यासमोर येऊन बसली. डोळ्यांखाली काळं, हातात दुपट्टं.

"आप्पा, क्रांती दिवसा झोपलीच नाही तर आईंना ती दिवसभर कशी झेपेल? आम्ही सांगलीत एक खोली बघितली आहे. शेजारीच पाळणाघर आहे. सुभेदार थांबला तर थांबू आम्ही. नाही थांबला तर एक तारखेला जातो."

मी उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीसमोर उभा राहिलो. जयराज लहान असताना मी कुठं होतो, तर कधी जम्मूत, कधी आसामात. सुट्टीवर आलो की पोरगं आईच्या पदरामागं लपायचं, आणि माझी ओळख पटून मांडीवर येईपर्यंत माझी सुट्टी संपायची. क्रांती मात्र माझी मिशी धरते. रोज सकाळी दात नसलेलं तोंड उघडून माझ्याकडे बघून हसते. घरातलं बाळ रोज बघायला मिळणं म्हणजे काय ते मला साठाव्या वर्षी कळत होतं, आणि ते एका कुत्र्यापायी सांगलीला चाललं होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली. फौजेत शिकलेली एक गोष्ट म्हणजे आधी टेहळणी, मग हालचाल. अकरा वीस, नात झोपली. अकरा एकतीस, सुभेदार भुंकला. अकरा बत्तीस, नात उठली. अकरा चाळीस, सुभेदार शांत. पाच दिवस मी नेमानं लिहिलं. रस्त्यावरून गेलेली माणसं लिहिली, वारा कुठून येत होता तेही लिहिलं. काही पत्ता लागेना. ओवाळण्याचं तेवढं मी कुठं लिहिलं नाही. तो बायकांचा कारभार, त्याची नोंद काय करायची, असं मला वाटलं.

सहाव्या दिवशी लीला पुतणीच्या हळदीला गेली. घरात मी, सृष्टी आणि झोळी. ठरल्या वेळी क्रांती झोपली, ठरल्या वेळी सुभेदार भुंकला, ठरल्या वेळी क्रांती उठली. सृष्टीनं तिला खांद्यावर घेतलं. आणि मी बघितलं, तर तिचं रडं ऐकताच सुभेदारानं भुंकणं थांबवलं आणि तो शेपूट हलवत मागच्या दाराशी गेला. तिथं नीट बसला. दाराकडे बघत राहिला.

कुणी आलं नाही. तो परत खिडकीखाली आला, दोनदा जोरात भुंकला, नातीचं रडं वाढल्याची खात्री केली आणि पुन्हा जाऊन दाराशी बसला.

ते तोंड मी ओळखलं. लंगरच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलेल्या जवानांची तसली तोंडं मी चोवीस वर्षं बघितली होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा नजरेला भुंकत नव्हता की वाऱ्याला. हा भाकरीला भुंकत होता. आपण भुंकलो की पोर रडते, पोर रडली की म्हातारी येते, म्हातारी आली की चतकोर भाकरी मिळते, एवढं साधं गणित त्यानं मांडलं होतं. दिवसातून दोनदा. आम्हीच त्याला दोन महिने पढवत होतो, आणि तुकडा तोंडात असताना तो भुंकणार तरी कसा?

गुन्हेगार सापडला, पण माझा आनंद घटकाभरच टिकला. लीलाला हे सांगायचं कुणी? जिच्या उपायावर घर विसंबलं होतं तिला म्हणायचं की बाई, नातीची झोप तूच मोडलीस, आणि नात सांगलीला चालली आहे ती तुझ्यामुळं? मी गोळीबारात उभा राहिलेला माणूस, पण हे बोलायला माझं तोंड उघडेना.

मग मी गनिमी कावा केला. शुक्रवारी सकाळी दुरडीतल्या सगळ्या भाकरी मी एकट्यानं संपवल्या. सहा. लीला कौतुकानं बघत राहिली आणि मला भूक लागते आहे म्हणून तिनं अकरा वाजता आणखी चार थापल्या. शनिवारी मी पोट धरून सांगितलं की डॉक्टरांनी भाकरी बंद करून चपाती खायला सांगितली आहे. लीलानं चपाती ओवाळली. सुभेदाराला चपाती भाकरीपेक्षा जास्त आवडली आणि त्या दुपारी तो तीनला भुंकायचा तो पावणेतीनलाच भुंकला.

रविवारी तीस तारीख. आता वेळ उरला नव्हता. लीला परसात धुणं वाळत घालते आहे असं बघून मी दुरडी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि माझी काळी ट्रंक उघडली. दुरडी आत ठेवतो न ठेवतो तोच मागून आवाज आला.

"आप्पा, भाकरी ट्रंकेत का ठेवताय?"

सृष्टी दारात उभी होती, कडेवर पेंगुळलेली क्रांती.

"मुंग्या लागत्यात," मी म्हणालो.

ती आत येऊन हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही कळलं."

मी ट्रंकेचं झाकण तसंच धरून उभा. "तुला कवा कळलं?"

"पंधरा दिवस झाले. मी मोबाईल खिडकीत लावून ठेवला होता. सगळं दिसलं. तो भुंकतो, मग दाराशी जाऊन बसतो, आई तुकडा टाकतात."

"पंधरा दिवस? मग बोलली का न्हाईस? खोली बघत बसलीस?"

"कसं बोलू, आप्पा? आई किती मनापासून करतात. रोज दोनदा, गुडघे दुखत असताना उठून येतात. त्यांना कसं सांगू की तुमच्यामुळं ती झोपत नाही? कुत्र्यामुळं जातोय म्हटलं की कुणाच्या मनाला लागत नाही."

मी काही बोलणार एवढ्यात तिच्या खांद्यावरून मला लीला दिसली. ओले हात पदराला पुसत ती दुरडी शोधत आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहरा बघून कळलं की पुरेसा वेळ उभी होती.

ती आत आली. माझ्या ट्रंकेतून तिनं दुरडी काढून घेतली. मग उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर कुणी बसलं तर अंगावर ओरडणारी बाई, पण ती बसली.

"म्हंजी माझ्यामुळं झोपत न्हाई व्हय ती?"

लीला दुरडीकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली, पण माझ्याकडे नाही, सृष्टीकडे.

"पंधरा दिस तुला ठावं हुतं. पोर घिऊन जाणार हुतीस, पर बोलणार न्हवतीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आई."

"आन तू गेल्यावर मला लय बरं वाटलं असतं व्हय?"

सृष्टीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं असेल, पण मी ट्रंकेत तोंड घालून काहीतरी शोधायला लागलो.

आमच्या बोलण्यात क्रांतीला कधी झोप लागली ते कळलं नव्हतं. ते खिडकीबाहेर मात्र बरोबर कळलं. सुभेदार भुंकला. क्रांती दचकली, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. लीलाचा हात आपोआप दुरडीत गेला. भाकरीचा तुकडा मोडलासुद्धा. मग ती तशीच थांबली, तुकडा मुठीत धरून.

"भुंकू दे मुडद्याला," ती म्हणाली.

तिनं नातीला मागून घेतलं आणि छातीशी धरून डुलायला लागली. सुभेदार मागच्या दाराशी जाऊन आला, परत भुंकला, परत दाराशी गेला. दोन महिन्यांचा हक्क असा एकाएकी बुडतोय हे त्याला पटत नव्हतं. इतका तो आजवर कधी भुंकला नव्हता. आकाराम भिंतीवरून डोकावून काय झालं म्हणून विचारून गेला. लीलाचे ओठ हलत होते, नजर ती मनातल्या मनात काढत असावी, पण मूठ काही उघडली नाही.

त्या गदारोळात सृष्टीनं मोबाईल काढला आणि खोलीची किल्ली आणायला सांगलीला गेलेल्या जयराजला फोन लावला. एका कानात बोट घालून ती मोठ्यानं बोलत होती.

"अहो, खोलीवाल्यांना नको म्हणून सांगा. हो, नक्की. नाही, थांबला नाही अजून. भुंकतोच आहे."

फोन ठेवून ती लीलाच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.